दर कमी लागला म्हणून हरकत घ्यायची, पण नेमकी कशावर?

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: राष्ट्रीय महामार्गात वडिलांच्या नावची ८० आर जमीन गेली. निवाड्यात ती जिरायत धरली आहे, प्रत्यक्षात विहीर आणि डाळिंबाची बाग आहे. शेजारच्या गावाला आमच्यापेक्षा जास्त दर लागला. रस्ता मधून गेल्याने विहीर एका अंगाला आणि निम्मं रान दुसऱ्या अंगाला राहिलं. हरकत कुठे घ्यायची, किती दिवसांत, आणि पैसे उचलले तर हक्क जातो का?

पैशाचं आधी सांगतो, कारण त्यावरूनच घराघरांत वाद चालू असतात. रक्कम उचला. मात्र उचलताना ‘मोबदला अपुरा असल्याने हरकत राखून ही रक्कम स्वीकारत आहे’ असं लेखी द्या आणि त्या अर्जावर कार्यालयाची तारखेसह पोच घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ७७ मध्ये हे स्पष्टच आहे: हरकत न नोंदवता पैसे घेतले तर पुढे वाढीव मोबदला मागता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात तसं वाक्य नाही, पण समोरचा वकील तो मुद्दा काढतोच. दोन ओळींचा अर्ज दिला की त्याचं तोंड बंद. तोंडी सांगितलेल्या हरकतीला शून्य किंमत आहे, साहेब कितीही भला असला तरी.

आता दराकडे वळू. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ‘दर फार कमी आहे, निदान दुप्पट तरी करा’ असा एका पानाचा अर्ज घेऊन येतात. असा अर्ज फेटाळायला अधिकाऱ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. दर हा बेरीज-भागाकाराचा शेवटचा आकडा असतो. हरकत घ्यायची ती त्या बेरजेत काय धरलं आणि काय वगळलं यावर. त्यामुळे पहिलं काम म्हणजे निवाड्याची प्रमाणित प्रत, दर ठरवताना विचारात घेतलेल्या खरेदीखतांची यादी आणि संयुक्त मोजणीचा तक्ता मिळवणं. नकलेचा अर्ज द्या. नक्कल देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. ही तीन कागदं हातात आल्याशिवाय वकिलाचं दार वाजवलं तरी तो तुम्हाला हेच आणायला परत पाठवेल.

महामार्गाची जमीन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जात असली तरी १ जानेवारी २०१५ पासून मोबदल्याची मोजणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे होते. त्याच्या कलम २६ मध्ये बाजारमूल्य काढायची रीत दिली आहे. एका बाजूला रेडी रेकनरचा, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्त्याचा दर. दुसऱ्या बाजूला त्याच किंवा नजीकच्या गावातल्या तशाच प्रकारच्या जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीखतांची सरासरी. दोन्हींत जो जास्त तो घ्यायचा. सरासरी सगळ्या खतांची काढायची नाही. खतं उतरत्या भावाने लावून त्यातली वरची निम्मी घ्यायची आणि त्यांचीच सरासरी काढायची. बहुतेकांना हे माहीत नसतं, आणि घोळ इथेच होतो.

उदाहरणाला समजा तीन वर्षांत दहा खतं झाली आणि हेक्टरी दर लाखांत असे आहेत: १८, १७, १६, १५, १४, ११, १०, ९, ९, ८. वरची पाच म्हणजे ८० लाख, भागिले पाच, दर १६ लाख. आता त्याच यादीत भावाभावांतलं ४ लाखांचं आणि मामा-भाच्यातलं ५ लाखांचं अशी दोन खतं घातली. एकूण बारा झाली, निम्मी म्हणजे सहा, आणि सहावं खत ११ लाखांचं आत आलं. ९१ भागिले सहा, म्हणजे १५.१७ लाख. ती दोन स्वस्त खतं स्वतः सरासरीत बसली नाहीत, तरी त्यांनी खालचं एक खत आत ओढलं. ८० आर जमिनीवर दिलासा रकमेसह (म्हणजे मोबदल्याइतकीच वर मिळणारी रक्कम धरून) फरक पडतो सुमारे १ लाख ३३ हजारांचा. म्हणून यादीतलं प्रत्येक खत तपासायचं: नात्यातला व्यवहार आहे का, पड किंवा खडकाळ जमीन आहे का, तारीख तीन वर्षांच्या आतली आहे का. उलट बाजूने, यादीत नसलेली चांगल्या दराची खतं शोधून काढायची. त्यासाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय सूची क्रमांक दोन पाहता येते. गट क्रमांक, क्षेत्र, मोबदला, तारीख सगळं त्यात असतं. चार-पाच चांगली खतं सापडली की दुय्यम निबंधकाकडून त्यांच्या प्रमाणित नकला काढा. छापील सूची आणि प्रमाणित नक्कल यांत लवादासमोर, म्हणजे निवाड्यावरची हरकत ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर, बराच फरक पडतो.

अधिकाऱ्यालाही कलम २६ मध्येच एक हत्यार दिलेलं आहे. एखादं खत प्रत्यक्ष बाजारभाव दाखवत नाही असं त्याचं मत झालं तर तो ते वगळू शकतो. वगळल्याचं कारण मात्र निवाड्यात दिसलं पाहिजे. ‘दर अवास्तव वाटतो’ एवढंच लिहिलं असेल तर ती तुमची पहिली आणि सगळ्यात मजबूत हरकत.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे वर्षानुवर्षं मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदी रेकनरच्या दरानेच लिहिली जाते आणि बाकीचे पैसे हातोहात दिले जातात. अख्ख्या गावाने असं केलेलं असतं. मग संपादन आलं की सगळे म्हणतात, ‘एकरी भाव तर कितीतरी जास्त चाललाय!’ चाललाय हे खरं, पण कागदावर नाही. लवाद किंवा न्यायालय कागदच वाचतं. पंचांसमोर झालेली इसारपावती, वहीतला हिशेब, शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र यांवर दर वाढल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

रेडी रेकनरचं आणखी एक. १ एप्रिल २०२५ च्या तक्त्यात सोलापूर महापालिका हद्दीत सरासरी १०.१७ टक्के वाढ झाली, राज्यात सगळ्यात जास्त. शहरात फ्लॅट घेणाऱ्यांनी कपाळावर हात मारला, आणि संपादनात अडकलेल्यांना वाटलं आता आपलाही दर वाढला. तसं होत नाही. एक तर ती महापालिका हद्दीची सरासरी आहे, तुमच्या गावाचा तक्ता वेगळा. दुसरं म्हणजे महामार्ग कायद्याच्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना ज्या दिवशी प्रसिद्ध झाली त्या दिवशीचं बाजारमूल्य धरलं जातं. अधिसूचना २०२२ ची असेल तर २०२५ चा तक्ता तुमच्या कामाचा नाही. निवाडा कधी झाला, पैसे कधी आले, याच्याशी त्या तारखेचा संबंध नाही. तुमच्या फायलीच्या पहिल्या पानावर ती तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक पुरावा त्या तारखेच्या आधीचा लागणार आहे.

तुमचा खरा मुद्दा जिरायत-बागायतचा आहे, आणि माझ्या मते तुमची केस त्याच्यावरच उभी राहील. ग्रामीण तक्त्यात जिरायत जमिनीचे दर आकारणीच्या गटांप्रमाणे, बागायत वेगळी, महामार्गालगतची वेगळी, बिनशेती वेगळी असे लावलेले असतात. तुमची जमीन कोणत्या रकान्यात टाकली यावर सगळं ठरतं. आणि तो रकाना अधिकारी रानात येऊन ठरवत नाही, तो सातबाऱ्यावरून ठरवतो. सातबाऱ्यात विहिरीची नोंद नसेल, गाव नमुना बारामध्ये वर्षानुवर्षं ‘ज्वारी’च पडली असेल, तर प्रत्यक्षात डाळिंबं लगडलेली असली तरी कागदावर तुम्ही जिरायतदार. पूर्वी तलाठी चावडीत बसून पीक लिहायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंद करायची सोय आली, पण सोय आहे म्हणून नोंद झाली असं नाही.

सातबारा गप्प असेल तर दुसरे कागद बोलतात, आणि आपल्या भागात ते बरेच निघतात. कृषीपंपाचं वीजबिल आणि जोडणीची तारीख. विकास सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, त्यात पीक लिहिलेलं असतं. ठिबकच्या अनुदानाचा प्रस्ताव, फळबाग लागवड योजनेची कागदं, फळपीक विम्याची पावती. सोलापूर बाजार समितीतल्या आडत्याच्या पट्ट्या, ऊस असेल तर कारखान्याची नोंद आणि वजनपावत्या. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं पाहता येतात, त्यात बागेच्या ओळी आणि विहिरीचा गोल स्पष्ट दिसतो. तारखेसह छापून लावा. यातला एकटा कागद कदाचित पुरणार नाही, पण पाच वेगवेगळ्या कार्यालयांतले पाच कागद एकच गोष्ट सांगत असतील तर ती खोडणं अवघड जातं.

अधिसूचना आल्यावर रातोरात रोपं लावण्याचा उद्योगही आपल्याकडे झालेला आहे. त्याने कुणाचं भलं झालं नाही, उलट खऱ्या बागायतदारांकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

जमिनीच्या दराशिवाय झाडं, विहीर, पाइपलाइन, गोठा, शेड यांचं मूल्यांकन वेगळं होतं: बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, फळझाडं कृषी विभाग, इमारती लाकडाची झाडं वन विभाग. या सगळ्याचा पाया संयुक्त मोजणीचा तक्ता. मोजणीच्या दिवशी शेतमालक हजर नसला की झाडांची संख्या अंदाजाने पडते आणि जमिनीखालची पाइपलाइन सुटतेच सुटते. तक्त्यात नाही ती वस्तू मूल्यांकनात येत नाही. तुमच्या तक्त्यात काही सुटलं असेल तर फेरपाहणीची मागणी आजच लेखी करा. रस्त्याचं काम सुरू होऊन बाग उपटली गेली की मोजायला काही शिल्लक राहत नाही. तोवर तारीख दिसेल असे फोटो आणि चित्रफीत घेऊन ठेवा, शक्य असेल तर शासनमान्य मूल्यांकनकाराचा अहवालही करून घ्या. त्याची फी वसूल होते असा माझा अनुभव आहे.

आता रान दुभंगल्याचं. हा भाग लोक मागतच नाहीत, आणि मला त्याचं सगळ्यात वाईट वाटतं. महामार्ग कायद्याच्या ३जी(७) मध्ये आणि २०१३ च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये, जमीन तुटून वेगळी झाल्याने आणि उरलेल्या जमिनीवर वाईट परिणाम झाल्याने होणारं नुकसान विचारात घ्या असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रवेश-नियंत्रित महामार्ग म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण. इकडून तिकडे बैलगाडी जात नाही, शेळीसुद्धा जात नाही. तुमचं पलीकडचं रान गाठायला जवळच्या भुयारी मार्गापर्यंत वळसा घालावा लागणार. विहीर इकडे आणि बाग तिकडे राहिली तर पलीकडचं रान पाण्यावाचून पुन्हा जिरायत होणार. ही घट पैशात मांडता येते: पलीकडचं क्षेत्र किती, बागायत म्हणून त्याची किंमत किती होती, पाण्याविना किती उरली. उरलेला तुकडा चार-पाच गुंठ्यांचा, तिकोनी, वाटेविना असेल तर तोही संपादित करा अशी मागणी करा. आणि मोबदल्याची वाट न पाहता प्रकल्प अंमलबजावणी कार्यालयाला एक वेगळं पत्र द्या: रस्त्याखालून पाइपलाइनसाठी मोठा नळ आत्ताच टाकून द्या. भराव पडायच्या आधी हे काम सहज होतं. डांबर पडल्यावर परवानगीसाठी चपला झिजतात. मोबदल्याचा निकाल लागायला वर्षं जातील, बाग तोवर थांबणार नाही.

शेजारच्या गावाला जास्त दर, हा युक्तिवाद ऐकायला जोरकस पण कागदावर लंगडा असतो. २०१३ च्या कायद्यातच म्हटलंय की आधीच्या संपादनात दिलेला मोबदला दर ठरवताना धरायचा नाही. म्हणून ‘त्यांना इतके दिले’ असं लिहू नका. त्या गावातली खरेदीखतं आणा आणि आपली जमीन तशीच आहे हे दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात, जो पुण्याच्याच संपादनाचा होता, तुलनेची रीत घालून दिली: खत तारखेने आणि अंतराने जवळचं हवं, व्यवहार खरा हवा, मग क्षेत्र, रस्त्याला लागून असलेली बाजू, आकार, पातळी यांप्रमाणे अधिक-उणे करायचं. दोन गुंठ्यांच्या बिनशेती प्लॉटचा दर ८० आर शेतीला जसाच्या तसा लावून मागणाऱ्यांचे अर्ज इथेच पडतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या लोकांना कर्नाटकातल्या दरांचं फार आकर्षण असतं. तिथला सरकारी मार्गदर्शक दर दुसऱ्या राज्याचा, तो इथे बांधील नाही. बांधापलीकडचं प्रत्यक्ष खरेदीखत मात्र पुरावा म्हणून मांडायला हरकत नाही, भाषांतरासह.

मुदतींचं नीट समजून घ्या. ३ए नंतर २१ दिवसांत जी हरकत घेता येते ती जमिनीच्या वापराला, दराला नाही. ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. त्यानंतर ३जी खाली जाहीर नोटीस येते, दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. दर आणि नुकसानीचे दावे मांडायची जागा ती. तुमचा तो टप्पा गेला, निवाडा झाला. आता ३जी(५) प्रमाणे लवादाकडे अर्ज. लवाद केंद्र सरकार नेमतं, आणि तो बहुधा जिल्हाधिकारी किंवा अपर आयुक्त दर्जाचा महसूल अधिकारीच असतो. कलमात मुदत लिहिलेली नाही, पण म्हणून बसून राहू नका; तीन वर्षं उलटल्यावर मुदत कायद्याचा आक्षेप हमखास येतो. लवादाकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणही जाऊ शकतं, दर कमी करून घ्यायला.

लवादाचा निर्णय पटला नाही तर लवाद कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तीन महिन्यांत जिल्हा न्यायालयात. सबळ कारण असेल तर वर फक्त ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. इथे मोठी अडचण आहे. २०२१ मध्ये एम. हकीम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कलम ३४ खाली न्यायालय रक्कम वाढवून देऊ शकत नाही, निर्णय रद्दच करू शकतं. एप्रिल २०२५ मध्ये घटनापीठाने फेरबदलाची वाट थोडी उघडली, पण मर्यादित प्रकारांपुरती. पुरावा नव्याने तपासून दर ठरवणं त्यात बसत नाही. म्हणून जे काही दाखवायचं ते लवादासमोरच. खरेदीखतं, वीजबिलं, पट्ट्या, नकाशा सगळं यादी करून पोच घेऊन द्या, आणि तारखेला स्वतः जा. मी अशा फायली पाहिल्यात ज्यात शेतकऱ्याच्या बाजूने एक सातबारा आणि एक विनंतीअर्ज, बाकी काही नाही. त्यावर वरचं कोणतंही न्यायालय काय करणार?

जमीन महामार्गाऐवजी तलाव, कालवा किंवा दुसऱ्या कामासाठी थेट २०१३ च्या कायद्याखाली गेली असेल तर वाट वेगळी आणि घड्याळ कडक. कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करायला, निवाड्यावेळी हजर असाल तर सहा आठवडे; नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असल्यास जिल्हाधिकारी पुढे एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतो. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कुणाला या कायद्याखाली असे अर्ज ऐकणाऱ्या प्राधिकरणाने दर वाढवून दिला तर ज्यांनी अर्ज केला नव्हता त्यांना कलम ७३ खाली त्या निर्णयापासून तीन महिन्यांत मागणी करता येते. गावात कुणाचा निकाल लागतोय यावर लक्ष ठेवा.

बाकीचा हिशेब पटकन. बाजारमूल्याला ग्रामीण भागात १ ते २ च्या दरम्यानचा गुणांक लागतो. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गांसाठी तो २०२१ मध्ये २ वरून १ वर आणला गेला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या असंतोषाचं मोठं कारण तेच आहे. गुणांक शासनाच्या अधिसूचनेने ठरतो, लवादाच्या मनावर नसतो. फक्त तुमच्या प्रकरणाला योग्य तारखेची अधिसूचना लावली आहे का ते तपासा. गुणांकानंतर झाडं-विहिरीची रक्कम मिळवायची, आणि त्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम. शिवाय बाजारमूल्यावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर, वार्षिक १२ टक्के. हे १२ टक्के निवाड्यात सुटलेले किंवा चुकीच्या तारखेपासून धरलेले असू शकतात, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसा. या मोबदल्यावर प्राप्तिकर लागत नाही, २०१३ च्या कायद्याचं कलम ९६ आहे. कपात झाली असेल तर परतावा मागा.

‘साहेबांशी बोलणं झालंय, वाढीव रकमेच्या वीस टक्के द्या’ म्हणणाऱ्यांना कोऱ्या धनादेशावर सही देऊ नका. आणि पुढे कधी थेट खरेदीचा, म्हणजे संमतीने विक्रीचा प्रस्ताव आला तर सही करायच्या आधी समजून घ्या: त्यात थोडी जास्त रक्कम मिळते, पण नंतर वाढीव मोबदल्याचा दावा करता येत नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या प्रश्नात सहज आली आहे. जमीन वडिलांच्या नावची. वडील हयात असतील तर लवादाकडचा अर्ज त्यांच्याच सहीने जायला हवा, किंवा रीतसर मुखत्यारपत्राने. नसतील तर आधी वारसनोंदीचा फेरफार करून घ्या आणि बहिणींसह सगळ्या वारसांना अर्जदार करा. वाटणीचा वाद निघाला तर सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि रक्कम तिथे अडकून पडते. बहिणीची सही हवी असेल तर तिच्या वाट्याचं बोलणं आधी घरात करा. तलाठ्याकडे त्यानंतर जा.